एक टिपण, अनेक कप्पे

तिरुवैयारु येथे कावेरीतीरी राहून त्यागराजांनी (१७६७–१८४७) रचलेल्या कृती प्रामुख्याने तेलुगूतल्या. प्रदेश तमिळ, आणि तंजावरची गादी भोसल्यांची. त्यांच्यावरील टिपण संशोधकाने कोणत्या कप्प्यात ठेवावे? कागदी टिपणाला जागा एकच. ते ‘तेलुगू’त गेले की मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीआड होते. २००६ मध्ये आलेल्या झोटेरोसारख्या संगणकीय साधनात एकाच नोंदीला अनेक विषयखुणा लावता येतात. ही सोय मोलाची आहे.

परंतु ‘शब्द शोधला की सापडतो, मग विषयवार मांडणी कशाला?’ हा युक्तिवाद स्वीकारार्ह नाही. असा शोध अक्षरे जुळवतो, संबंध जोडत नाही. मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी तंजावरमार्गे तमिळ हरिकथेत रुजल्या. नागरीत ‘साकी’ शोधणाऱ्यास तमिळ लिपीतील नोंद मिळणार नाही. दोहोंना एका शीर्षकाखाली आणण्याचे काम अभ्यासकाचेच. म्हणून शीर्षके केवळ भाषेवरून न ठरवता छंद, प्रयोगप्रकार, राजाश्रय, स्थळ यांवरूनही ठरवावीत. जुनेच भाषावार कप्पे संगणकात उतरविल्याने टिपणे वेगाने हाती येतील. भारतीय साहित्यांचे परस्परसंबंध मात्र पूर्वीइतकेच अदृश्य राहतील.