मोघम आणि नेमके

वक्तृत्व स्पर्धा असो वा परीक्षेतला निबंध, 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे' हे वाक्य हमखास टाळ्या आणि गुण मिळवून देते. वाक्य खोटे नाही. पण ते ऐकून कोणालाही काही करावे लागत नाही, आणि माझी तक्रार हीच आहे. मोघम विधान कोणी खोडत नाही, म्हणूनच ते कोणाला बांधतही नाही.

2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने आपल्या जिल्ह्यातील भूम-परंडा भागात हाहाकार उडाला. 'अस्मानी संकट', 'बळीराजा हवालदिल' हे शब्द तेव्हा पुष्कळ ऐकू आले. पंचनाम्याला मात्र ते चालत नाहीत. तिथे गट नंबर, क्षेत्र आणि पिकाचे नाव लागते. पीक बुडाले की जमीनच खरडून गेली, हेही वेगळे सांगावे लागते. कारण दोन्हींची मदत वेगळी असते. मदतीच्या केंद्रीय निकषांत 2015 पर्यंत किमान 50 टक्के पीकनुकसानीची अट होती. त्या वर्षी ती 33 टक्के झाली. म्हणजे 40 टक्के सोयाबीन गेलेला शेतकरी आधी बाद होई, तो पुढे पात्र ठरला. 'फार नुकसान झाले' या वाक्यात हा फरक मावत नाही.

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (1883) घ्या. विद्येवाचून काय अनर्थ झाला, हे सांगणारे त्याच्या आरंभीचे पद्य आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण फुले तेवढ्यावर थांबत नाहीत. पुढे ते आपल्याला कुणब्याच्या घरात नेतात आणि त्याच्या संसाराची दैना एकेक वस्तू दाखवून सांगतात. आरंभीचे विधान खरे पटते ते तिथे. आपण मात्र पद्य पाठ केले आणि घर वगळले!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी 'महागाई', 'टंचाई' असे शब्द कोणी वापरत नाही. खताची पिशवी कितीला पडली, बोअर किती वेळ चालला, यावर बोलणे होते. कॉलेजात ही बोली 'गावंढळ' म्हणून मागे पडते आणि हाती तयार वाक्ये येतात. शिक्षणाने भाषा वाढावी, पातळ होऊ नये.

कोणी म्हणेल, नुसते तपशील म्हणजे तलाठ्याचे दप्तर. मान्य आहे. तपशील कशासाठी, हे सांगायला सर्वसाधारण विधान हवेच. पण ते बोलण्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. जमलेले सगळे संतच होते. तरी काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते पाहिले. मित्रमैत्रिणींनो, पुढचा निबंध लिहिताना आपल्या प्रत्येक वाक्यावर असेच थापटणे मारू या : कोण? कुठे? किती?

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष