घंटा मीच बंद केली होती

परवा शनिवारी सकाळी भाच्याचा फोन आला. हवापाण्याची चौकशी नाही, काही नाही, एकदम म्हणाला, "मामा, आईवर रागावलाय का तुम्ही?"

मी चाटच पडलो. खरं सांगायचं तर मी थोडासा रागावलो होतो, पण ते बहिणीने चार दिवसांत एक ओळही पाठवली नाही म्हणून! आणि तिकडे ती रागावली होती, मी तिला एका ओळीचं उत्तर दिलं नाही म्हणून.

झालं होतं असं. मंगळवारी रात्री मेहुण्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना मिरजेला एका दवाखान्यात दाखल केलं. (आता ते घरी आलेत, व्यवस्थित आहेत. हे आधीच सांगतो, नाहीतर आमची नातेवाईक मंडळी पुढचं न वाचता फोन उचलतील.) बहिणीने त्याच रात्री मला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "दादा, ह्यांना ॲडमिट केलंय. वेळ असला की फोन कर." बुधवारी लिहिलं, "आज जरा बरं आहे." गुरुवारपासून काहीच लिहिलं नाही. तिला आपल्या निरोपापुढे दोन खुणा दिसत होत्या, म्हणजे निरोप दादाकडे पोचलेला आहे. मग दादा गप्प का?

मी सदतीस वर्षं वह्या तपासल्या. आमच्याकडे बरोबरची खूण म्हणजे वही तपासून झाली. इथे मात्र करड्या दोन खुणांचा अर्थ वही टेबलावर येऊन पडली, एवढाच. तपासली की त्या निळ्या होतात. (आणि ती सोय कुणी बंद करून ठेवली असेल, तर तेवढंही कळत नाही.) माझ्या टेबलावर बहिणीची वही चार दिवस पडून होती आणि मला पत्ता नव्हता.

तुम्ही म्हणाल, मोबाइल नव्हता का जवळ? होता, पण आतल्या खोलीत, आवाज बंद करून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती बारीक अक्षरं मला नकोशी होतात. म्हणून मुलाने व्हॉट्सॲप बैठकीतल्या डेस्कटॉपवर जोडून दिलं आहे. अक्षर मोठं, कीबोर्ड ऐसपैस. निरोप आला की टुणकन आवाज होतो आणि उजव्या कोपऱ्यात छोटी पाटी वर येते. सुप्रभातवाले सगळे ग्रुप मी केव्हाच मुके करून टाकलेत. त्यामुळे आवाज झाला म्हणजे कुणीतरी जवळचं माणूस, हे ठरलेलं. खालच्या पट्टीवर त्या हिरव्या चिन्हापाशी न वाचलेल्या निरोपांचा आकडा दिसतो, पण तो माझ्याकडे कधी साठाच्या खाली नसतोच, त्याच्याकडे कोण बघतं! सगळी भिस्त आवाजावर.

भाच्याशी बोलून झालं आणि मी पुण्याला नातीला फोन लावला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, "काँप्युटर बिघडलाय." ती म्हणाली, "आजोबा, बिघडलाय हे उत्तर झालं. आधी उदाहरण तरी नीट मांडू या." मला बरं वाटलं. शिक्षकाची नात शोभते!

तिने क्रम लावून घेतला. पहिला प्रश्न, निरोप येतच नाहीत, की येतात पण कळत नाहीत? व्हॉट्सॲप उघडलं, तर बहिणीचे दोन्ही निरोप आत होते. म्हणजे इंटरनेट ठीक. दुसरा, आवाज नाही, की पाटीही नाही? गाणं लावून पाहिलं, स्पीकर खणखणीत. पाटी मात्र येत नव्हती. तिसरा, बहिणीचं नाव चुकून मुकं केलंय का, किंवा अर्काइव्हमध्ये गेलंय का? तसं काही नव्हतं. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही नोटिफिकेशन्स चालू होती.

"आता घराचा मेन स्विच बघू," ती म्हणाली. माझ्याकडे विंडोज ११ आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात नोटिफिकेशन्स. तिथे कोणत्या ॲपने सूचना द्यायच्या त्याची यादी असते, त्यात व्हॉट्सॲप चालू होतं. आणि त्या यादीच्या वर 'डू नॉट डिस्टर्ब'... तेही चालू! घड्याळाशेजारी पाहिलं, तर एक इवलीशी घंटा झोपेचं चिन्ह लावून बसली होती. घड्याळावर क्लिक केल्यावर जो कप्पा उघडतो, त्यात निरोप गुपचूप रांगेत उभे होते. सूचना अडवली जात नाही, ती आवाज न करता तिथे जाऊन पडते.

हे केलं कुणी? नात म्हणाली, कधीकधी ते आपोआपही चालू होतं. ठरावीक वेळ नेमून दिली असेल तर, एखादं ॲप पूर्ण पडद्यावर चालू असेल तर, विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर पहिला तासभर. पण माझ्याकडे तसं काही नव्हतं. मग मला आठवलं. संकष्टीची तारीख बघायला मी घड्याळावर क्लिक केलं होतं. तिथे वर एक घंटेचं चित्र दिसलं. घंटा दिसली की ती वाजवायची, ही आयुष्यभराची सवय! मी ती दाबली. काही झालं नाही, म्हणून कॅलेंडर बघून बंद केलं. 'काही झालं नाही' हेच तर झालं होतं!

म्हणजे यंत्राने मी सांगितलं तेच इमानेइतबारे केलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मला पटत नाही. आमच्या शाळेत 'शांतता राखा' ही पाटी परीक्षेपुरती लागायची. शेवटचा पेपर झाला की शिपाईमामा ती काढून ठेवायचे आणि रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचे. शांततेला शेवट असायचा. इथे हाताने लावलेली शांतता आपण काढेपर्यंत तशीच राहते. नात म्हणाली, वेळ लावून शांत बसण्याची 'फोकस' नावाची सोय त्यातच आहे, अभ्यासाला ती तीच वापरते. शिवाय मोजक्या ॲप्सना 'प्रायॉरिटी' देता येते, ती शांततेतही बोलतात. तिचं बरोबर आहे. शांतता हवीच. दिवसभर टुणटुण ऐकून कुणाचं भलं झालंय? पण माझ्या वयाच्या माणसांनी घंटा बंद करायची तर मुदत घालूनच करावी, असं माझं मत झालंय.

आणि दुसरं मत त्याहून महत्त्वाचं. हे चार दिवस मी काय करत होतो? मनात हिशेब मांडत होतो. दिवाळीला मी जरा तोडून बोललो होतो, ते लागलं असेल. तिचंही तिकडे तेच चाललं होतं. चाळीस वर्षांचा भाऊबीजेचा संबंध, आणि दोघांनी एका झोपलेल्या घंटेवरून एकमेकांची मनं ताडून पाहिली! काँप्युटर तपासायला नातीने क्रम लावला, आधी सोपं कारण, मग अवघड. माणसांच्या बाबतीत आपण उलटं करतो. सगळ्यात वाईट कारण पहिल्यांदा धरतो आणि तपासत तर नाहीच.

दवाखान्याचा निरोप लिहून पाठवू नये, फोनच करावा, असं मी बहिणीला म्हणणार होतो. पण फोन केल्यावर ती म्हणाली, "अरे, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तुला बीपीचा त्रास. झोपमोड नको म्हणून लिहिलं." यावर मी काय बोलणार? तिनेही मला डिस्टर्ब करायचं नाही असंच ठरवलं होतं.

आता आमचं ठरलंय. दुखण्याची बातमी असेल तर वेळ न बघता फोन, आणि मी उचलला नाही तर शेजारी. बाकीच्या निरोपांसाठी मी रोज सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर व्हॉट्सॲप स्वतः उघडतो, घंटा वाजो न वाजो.

तुमच्यापैकी कुणाला माझं उत्तर आलं नसेल, तर कृपा करून रागावू नका. आधी एक फोन करा. आणि हो, तुमच्या काँप्युटरच्या कोपऱ्यातली घंटाही एकदा बघून घ्या. जागी आहे ना?