टीआय साहेब, वेळ होता की नव्हता?

मा. थाना प्रभारी महोदय,
आमच्या हद्दीतलं पोलीस ठाणं, जबलपूर

हिंदीतले सहा अर्ज आपल्याकडे आहेतच. सातवा मराठीत लिहिते आहे, तो आपण वाचावा म्हणून नाही. उद्या काही झालं तर 'आधी सांगायचं नाही का?' असं इथल्या मराठी माणसांनी तरी म्हणू नये, म्हणून.

नवऱ्याने माझ्या घराकडे फिरकायचं नाही, हा कोर्टाचा आदेश होऊन 8 महिने झाले. तेवढ्या काळात तो 11 वेळा आला. 6 वेळा मी लेखी कळवलं. पावती 4 अर्जांची मिळाली, 2 वेळा साहेब राउंडवर होते. गुन्हे नोंदले 0. समझौत्यासाठी मलाच बोलावलं 3 वेळा. चहा मात्र दरवेळी मिळाला, त्याबद्दल आभारी आहे.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005चा कायदा मी आपल्याला काय सांगावा? असा आदेश मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 32 त्याला दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवतं. शिवाय पीडितेच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा घडल्याचं मानू शकतं. तरी आपले हवालदार म्हणतात, 'गवाह लाओ.' रात्री दीड वाजता जिन्यात साक्षीला कोण बसतं, साहेब?

आपण स्वतः विचारलंत, 'अजून हात तर लावला नाही ना?' भारतीय न्याय संहितेचं कलम 40 हात लागायची वाट बघत नाही. धमकीमुळे शरीराला धोक्याची रास्त भीती वाटली की स्वसंरक्षणाचा हक्क सुरू होतो. पण कलम 37 त्याला पाचर मारतं: सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका वेळ असेल, तर हक्क नाही. जुन्या दंड संहितेत हेच कलम 99 होतं, 1 जुलै 2024 पासून आकडा बदलला. नियम चुकीचा नाही. प्रत्येकजण आपापला न्याय करू लागला तर कठीण आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय, की मला वेळ होता का? 8 महिने होता! त्या वेळात मी काय केलं, ते आपल्या कपाटात आहे.

वकीलबाई म्हणतात, घाबरू नका, कोर्ट हल्ल्याच्या क्षणी असलेला वेळ मोजतं. बरं. पण स्वसंरक्षणाचा अपवाद दाखवायचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 ने माझ्यावरच टाकलाय. मागच्या खेपेला कडी निखळायला 4 मिनिटं लागली. फोन केल्यावर गाडी आली 35 मिनिटांनी. मधल्या 31 मिनिटांत मी कुठल्या यंत्रणेकडे दाद मागायची होती?

आईने दिलेल्या पितळी खलबत्त्यातला बत्ता आता माझ्या उशाशी असतो. खल ओट्यावर पडून आहे, वेलची मिक्सरमध्ये वाटते. मुलीने विचारलं, तर उंदरांसाठी ठेवलाय म्हटलं. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हेही कलम 37 च सांगतं. मग किती जोरात मारायचा, तेवढं ठाण्यातूनच कळवलंत तर बरं होईल.

नागपूर इथून फार लांब नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी अक्कू यादव या गुंडाला तिथल्या कोर्टाच्या आवारात जमावाने ठार केलं, त्याआधी कस्तुरबानगरच्या बायकाही तक्रारीच करत होत्या. ही धमकी समजू नये. धमकीची तक्रार नोंदवून घ्यायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे.

समझौत्याला मी पुन्हा येणार नाही. कलम 31 खाली गुन्हा नोंदवा आणि एफआयआरची प्रत द्या. ती देणार नसाल, तर या अर्जाची पावती द्या. शिक्का, तारीख आणि घड्याळातली वेळ, तिन्ही स्पष्ट उमटू द्यात. मागच्या एका पावतीवर वेळेच्या जागी चहाचा डाग आहे.

आपली,
सहा अर्जांची अर्जदार