सही ज्याची, निवाडा त्याचा नव्हे

राज्यशास्त्राच्या पेपरात ‘सत्ताविभाजनाचे तत्त्व स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास असतो आणि आम्ही विद्यार्थी त्याचे उत्तर तीन चौकटी आखून देतो. कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते अंमलात आणते, न्यायमंडळ त्यांचा अर्थ लावते. माँटेस्क्यूचे नाव घातले, अमेरिकेचा दाखला दिला की गुण पदरात पडतात. पण या चौकटींत तत्त्वाचा प्राणच हरवतो, असे मला वाटते.

खुद्द अमेरिकेत तरी या चौकटी बंदिस्त कुठे आहेत? तिकडच्या काँग्रेसने संमत केलेले विधेयक अध्यक्ष नाकारू शकतो आणि दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी त्याचा नकार मोडून काढू शकतात. न्यायाधीश अध्यक्ष नेमतो, पण सिनेटच्या संमतीने. उपाध्यक्ष हा सिनेटचा सभापती असतो. मात्र अध्यक्षावरील महाभियोगाची सुनावणी सिनेटपुढे आली, की सभापतीच्या जागी सरन्यायाधीश बसतो. कारण उघड आहे. अध्यक्ष दोषी ठरला तर त्याची खुर्ची उपाध्यक्षालाच मिळायची! ज्याचे ज्यात हित, त्याने त्याचा निवाडा करू नये, हे या तत्त्वाचे खरे मर्म होय.

हे मर्म अमेरिकेने नेहमीच पाळले असे मात्र नाही. १८०१ मध्ये जॉन मार्शल हे परराष्ट्रमंत्री होते. विल्यम मार्बरीच्या नेमणुकीचे पत्र त्यांच्याच कार्यालयात तयार झाले, पण वेळेत पोचते झाले नाही. मार्बरी न्यायालयात गेला. १८०३ साली निकाल लिहिला तो सरन्यायाधीश झालेल्या याच मार्शल यांनी! घटनेविरुद्ध जाणारा कायदा न्यायालय रद्द करू शकते, हे त्या निकालाने ठरले आणि म्हणून तो थोर ठरला. तथापि काम अर्धवट राहिले ते ज्यांच्या हातून, तराजूही त्यांच्याच हाती होता, हे कसे विसरावे?

याच कसोटीचा प्रसंग पुढे आपल्या नागपूरशी नाते असलेल्या एका न्यायाधीशावर आला. न्या. मोहम्मद हिदायतुल्ला हे येथल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. १९३० पासून त्यांनी नागपुरात वकिली केली, मध्यप्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल झाले आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. १९६८ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. हंगामी राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला राजीनामा दिला आणि नुकत्याच झालेल्या कायद्यानुसार राष्ट्रपतिपदाचा भार सरन्यायाधीशांवर आला. २४ ऑगस्टपर्यंत त्यांनी तो वाहिला.

याच काळात, ९ ऑगस्टला, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तोपर्यंत हिदायतुल्ला सरन्यायाधीशाच्या जागी परतले होते. पण अकरा न्यायाधीशांच्या पीठावर ते बसले नाहीत, न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील त्या पीठाने १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द ठरवला.

कुणी म्हणेल, राष्ट्रपतीची सही ती काय, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने केलेला उपचार! खरे आहे. पण दारात उभ्या असलेल्या पक्षकाराला ते समाधान पुरते काय? आणखी कुणी म्हणेल, हेच गृहस्थ १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती आणि म्हणून राज्यसभेचे सभापती होते. मग विभाजन उरले कुठे? माझे उत्तर असे, की एका माणसाने आयुष्यात निरनिराळ्या खुर्च्यांवर बसण्यात धोका नाही. एकाच प्रकरणात दोन खुर्च्यांवर बसण्यात आहे.

न्यायाधीशाने केव्हा बाजूला व्हावे, हे आपल्याकडे कोणत्याही कायद्यात तपशिलाने लिहिलेले नाही; ते बहुतांशी त्याच्या विवेकावर सोडले आहे. म्हणूनच हा विवेक लहानपणापासून अंगी बाणवायला हवा. वक्तृत्व स्पर्धेत आपला भाचा उतरला असेल तर परीक्षकाने आपण होऊन उठावे, हेही सत्ताविभाजनच आहे. मित्रहो, पुढच्या पेपरात तीन चौकटी जरूर आखा. पण खुर्चीवरून केव्हा उठावे, याबद्दलही दोन ओळी लिहा.