मधे असतात कुठं पैसे?

गेल्या वर्षीच्या अंकात या पानावर ओटीपी उशिरा का येतो ते लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी प्रश्न पाठवले. त्यातला साल्मियाच्या एका काकूंचा प्रश्न मला वर्षभर पुरला. त्यांनी लिहिलं होतं, “एक्स्चेंजवाला म्हणतो पैसे गेले. नाशिकची बँक म्हणते आले नाहीत. मग मधे ते असतात कुठं?”

प्रश्न थेट माझ्या पोटापाण्याच्या कामावरचा आहे. मी ज्या ‘मधे’वर लक्ष ठेवायचा पगार घेतो, तीच ही जागा. म्हणून यंदा तिच्याविषयी.

आधी एक गैरसमज काढू. आपण फाहाहीलला किंवा अब्बासियाला काउंटरवर दिनार देतो, तेव्हा ते दिनार भारतात जात नाहीत. रिझर्व्ह बँकेची ‘रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट’ नावाची व्यवस्था आहे. तिच्याखाली आखातातल्या एक्स्चेंज कंपन्या भारतातल्या बँकांत रुपयाची खाती उघडतात आणि त्यात आधीच रक्कम भरून ठेवतात. म्हणजे काकूंचे रुपये काउंटरवर जायच्या आधीपासूनच मुंबईत बसलेले असतात. इथून जातो तो फक्त निरोप, की अमुक खात्यातून इतके काढा आणि नाशिकच्या तमुक खात्यात भरा. (१९६१ साली कुवेती दिनार येईपर्यंत इथं रुपयाच चालत असे, शेवटची दोनेक वर्षं रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी काढलेला ‘गल्फ रुपी’. तेव्हा दर विचारायची गरजच नव्हती.)

तर मधे पैसे नसतात, मधे निरोप असतो. आणि निरोप हरवला तर पंचाईत, दोनदा पोचला तर त्याहून मोठी पंचाईत.

हे निरोप नेण्यासाठी अनेक बँका आणि वित्तसंस्था जे सॉफ्टवेअर वापरतात, त्यातलं एक जुनं आणि जाणतं म्हणजे आयबीएमचं एमक्यू. ते १९९३ साली ‘एमक्यूसिरीज’ नावानं बाजारात आलं, पुढे ‘वेबस्फिअर एमक्यू’ झालं, आणि २०१४ पासून नुसतं ‘आयबीएम एमक्यू’. एमक्यू म्हणजे मेसेज क्यू, निरोपांची रांग. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक्स्चेंजमध्ये आपण लावतो तशीच.

कल्पना अशी की पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकाच वेळी जागं असायची गरज नाही. इथला संगणक निरोप लिहून एका रांगेत ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. या रांगेला ट्रान्समिशन क्यू म्हणतात. मी तिला ‘पाठवणीची रांग’ म्हणतो. घरच्यांना त्यात लग्नाची पाठवणी ऐकू येते, त्याला इलाज नाही. रांगेतला महत्त्वाचा निरोप डिस्कवर लिहिलेला असतो, त्यामुळे मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं तरी तो तिथंच असतो. या रांगेतून निरोप उचलून पलीकडच्या मशीनच्या रांगेत नेऊन ठेवणारा जो रस्ता, तो म्हणजे चॅनेल.

ज्यांचे आजोबा-पणजोबा मुंबईत गिरणीत होते आणि गावी मनिऑर्डर करत, त्यांना हे लगेच कळेल. भारतात टपाल खात्यानं मनिऑर्डर १८८० साली सुरू केली. त्या फॉर्मचा एक तुकडा गावी सही किंवा अंगठा होऊन परत येत असे, पोचपावती म्हणून. चॅनेलही तेच करतो. निरोपांचा एक गठ्ठा पाठवतो, सहसा जास्तीत जास्त पन्नासांचा, आणि पलीकडून पोच येईपर्यंत आपल्याकडची प्रत फाडत नाही. पोच आली की फाडतो.

आता माझं काम. रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी मी एक आज्ञा देतो: डिस्प्ले सीएचस्टेटस, आणि कंसात फुली. सगळ्या चॅनेलांची हजेरी. प्रत्येकापुढे एक शब्द येतो. रनिंग, रिट्राइंग, स्टॉप्ड, पॉझ्ड, बाइंडिंग असे डझनभर शब्द आहेत, पण भांडण लावणारे तीनच.

पहिला शब्द दिसतच नाही. चॅनेलवर बराच वेळ निरोप गेला नाही, तर तो आपणहून जोडणी सोडून देतो. मुळातली मुदत सहा हजार सेकंदांची, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. मग तो ‘इनॅक्टिव्ह’ होतो आणि हजेरीतून गायब होतो. नाव घेऊन विचारलं तर उत्तर येतं, ‘चॅनेल स्टेटस नॉट फाउंड’. नवीन पोरगा हे वाचून घाबरतो. शुक्रवारी सकाळी, इथं सगळं बंद असताना, दर दोन-तीन महिन्यांनी मला असा एक फोन येतो: “सर, चॅनेल सापडत नाहीये!” अरे, चॅनेल आहे तिथंच आहे. झोपलाय. पाठवणीच्या रांगेत एक निरोप पडू दे, आपोआप उठेल. बाजारातली काही देखरेखीची सॉफ्टवेअरं या झोपलेल्या चॅनेलला लाल दिवा लावतात. माझ्या मते हा लाल दिवा पैसे घेऊन विकलेला निव्वळ ताप आहे. दर शुक्रवारी खोटा लाल दिवा पाहायची सवय लागलेला माणूस रविवारी खरा लाल दिवाही पाहत नाही.

दुसरा शब्द ‘रनिंग’. हिरवा दिवा. सगळ्यात जास्त फसवणारा हाच. रनिंग याचा अर्थ एवढाच की दोन्ही टोकं एकमेकांशी जोडलेली आहेत असं या टोकाला वाटतंय. मधली तार मुकी झाली असेल तर ते कळायला वेळ लागतो. कामाविना बसलेले चॅनेल एकमेकांना ठरावीक वेळानं ठोका देतात, ‘आहेस ना?’ म्हणून, मुळात दर पाच मिनिटांनी. तोवर दिवा हिरवाच. म्हणून मी शब्दाकडे एकदा बघतो आणि तीन गोष्टींकडे दोनदा: पाठवणीच्या रांगेत किती निरोप साचलेत, शेवटचा निरोप किती वाजता गेला, आणि ‘इनडाउट’ या रकान्यात हो आहे की नाही. रांग वाढतेय आणि शेवटच्या निरोपाची वेळ हलत नाही, तर रनिंग लिहिलेलं असलं तरी ते चालत नाहीये.

इनडाउट म्हणजे गठ्ठा पाठवलाय, पोच आलेली नाही. एखादा क्षण तसं दिसणं नेहमीचंच. पाच मिनिटं तसंच दिसलं तर मी खुर्ची पुढे ओढतो.

याचा खरा कस लागलेला मी पाहिला तो २००८ साली. जुन्या सभासदांना आठवत असेल, ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या, आणि १ फेब्रुवारीला, शुक्रवारी, दुबईजवळची फाल्कन केबल. तिथं पुढे पाच-सहा टनांचा टाकून दिलेला नांगर सापडला. भारत आणि आखात दोन्हीकडे इंटरनेट रांगायला लागलं. आणि तारखा बघा: महिनाअखेर. पगार झालेले, इथल्या काउंटरांवर गर्दी.

मी तेव्हा इथल्या एका वित्तसंस्थेच्या संगणक विभागात होतो. शनिवारी इथं सुट्टी, पण मुंबईत बँका अर्धा दिवस उघड्या; तिकडचे दहा म्हणजे आपले साडेसात. तेव्हाचं एनईएफटी रविवारी चालत नसे. (बारा महिने चोवीस तास ते झालं १६ डिसेंबर २०१९ पासून.) म्हणजे शनिवारी दुपारच्या आत निरोप गेले नाहीत तर सोमवार. कुणाची फी, कुणाच्या आईचं औषध, कुणाच्या घराचा हप्ता, सगळं सोमवारवर.

चॅनेल आधी बराच वेळ रनिंग दाखवत होता आणि रांग वाढत होती. मग तार पुरतीच गेली आणि तिसरा शब्द आला, ‘रिट्राइंग’. गंमत म्हणजे पलीकडच्या टोकाला ते कळलंच नव्हतं. मुंबईचं मशीन जुनी जोडणी जिवंत धरून बसलेलं, आणि आमचा चॅनेल पुन्हा दार ठोठावायला गेला की सांगायचं, ‘चॅनेल वापरात आहे’. घरात कुणी नाही पण आतून कडी, अशातला प्रकार. (अशा वेळी नव्या पाहुण्याला आत घेऊन जुन्याला बाहेर काढायची एक सोय एमक्यूत आहे, ती आधीच चालू करून ठेवावी लागते.)

आमच्याकडे पर्यायी तार होती. तिच्यावर दुसरा चॅनेल उभा करून तीच रांग तिकडे वळवायची, एवढंच बाकी होतं. पण मधे इनडाउट गठ्ठा अडकलेला. जुना चॅनेल परत जोडला गेला असता तर दोन्ही टोकांनी आपसात हिशेब जुळवून तो प्रश्न आपोआप मिटवला असता. बहुतेक वेळा तसंच होतं, माणसानं हात लावायची गरज नसते. इथं ती सोय नव्हती. त्या गठ्ठ्याचं काय, ते माणसानंच सांगायचं होतं. आज्ञा दोनच. ‘कमिट’ म्हणजे पोचला समजा, आपली प्रत फाडा. ‘बॅकआउट’ म्हणजे पोचला नाही समजा, परत रांगेत लावा. गठ्ठा पोचलेला असताना बॅकआउट केलं तर तितक्या घरी दोनदा पैसे. पोचलेला नसताना कमिट केलं तर तितक्या घरी काहीच नाही, आणि इथं ‘पाठवले’ अशी नोंद.

वरून घाई होती. खोलीत एकजण म्हणाला, “बॅकआउट करून टाका, दोनदा गेले तर परत मागू.” आमचे टीमप्रमुख एक शांत मंगळुरी गृहस्थ होते. ते म्हणाले, “नाशिकच्या म्हातारीकडून परत मागायला तू जाणार का?” (नाशिकच म्हणाले. का ते देव जाणे.)

प्रत्येक गठ्ठ्याला चॅनेल एक लांबलचक ओळखखूण देतो, आकडे आणि अक्षरं मिसळून. आमच्या टोकाला ‘चालू गठ्ठ्याची’ खूण दिसत होती. मुंबईच्या टोकाला ‘शेवटच्या पक्क्या गठ्ठ्याची’ खूण दिसते. दोन्ही सारख्या असतील तर गठ्ठा पोचला. नसतील तर नाही. फोन लावला. लाइन इतकी वाईट, की बी आणि डी यातला फरक ऐकू येईना. पलीकडे मराठी मुलगा निघाला, आणि मग आम्ही ‘बदकातला बी, डमरूतला डी’ असं करत ती खूण अक्षर-अक्षर वाचली. दोनदा. दुसऱ्यांदा त्यानं वाचली, मी नुसतं बोट फिरवलं. सारखी होती. गठ्ठा पोचला होता, हरवली होती ती पोच.

कमिट. मग दुसऱ्या तारेवरचा चॅनेल सुरू. रांगेचा आकडा खाली यायला लागला तेव्हा कुवेतमध्ये नऊ वाजत होते, मुंबईत साडेअकरा.

रिट्राइंगबद्दल एक राहिलंच. जोडणी तुटली की चॅनेल आधी मिनिटामिनिटानं दहा वेळा प्रयत्न करतो. तरी जमलं नाही, तर मग दर वीस मिनिटांनी, आणि तेही नव्व्याण्णव कोटी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा. मी एकदा गुणाकार केला होता: साधारण अडतीस हजार वर्षं. चिकाटी वाखाणण्यासारखी, पण त्यात एक खोच आहे. तार दहाव्या-बाराव्या मिनिटाला दुरुस्त झाली तरी चॅनेल पुढच्या प्रयत्नाची वाट पाहत वीस मिनिटं स्वस्थ बसू शकतो. म्हणून तार आली की हातानं ‘स्टार्ट’ द्यावा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा ज्यांना हे माहीत होतं त्यांची कामं लवकर आटोपली असतील.

‘स्टॉप्ड’ मात्र वेगळा. ते बहुधा कुणीतरी माणसानं केलेलं असतं, आणि माणसानं थांबवलेला चॅनेल आपणहून उठत नाही. कामासाठी कुणी थांबवला आणि घरी गेला, तर रांग साचत राहते. त्या माणसाला शोधण्यात वेळ घालवू नये, आधी चॅनेल सुरू करावा.

आता तुमच्या उपयोगाचं. पैसे पाठवल्यावर गावी पोचले नाहीत, तर काउंटरवर नुसतं “गेले का?” विचारू नका. “गेले” हे उत्तर निरोप पाठवणीच्या रांगेत पडला तरी मिळतं. “यूटीआर क्रमांक द्या” म्हणा. भारतातल्या बँकेनं निरोप घेऊन पुढे एनईएफटी केलं की तो क्रमांक तयार होतो. तो मिळाला, तर निरोप समुद्र ओलांडून गेलाय. तो क्रमांक घेऊन गावच्या बँकेत दादाला पाठवा, शोध तिथं लागेल. मिळाला नाही, तर निरोप बहुधा अजून अलीकडे किंवा त्या पहिल्या बँकेच्या दारात आहे, आणि पाठपुरावा इथंच करायचा. (पैसे घेणाऱ्याचं खातं त्याच बँकेत असेल तर एनईएफटी होतच नाही, मग त्या बँकेचा स्वतःचा संदर्भ क्रमांक मागायचा.) आणि तोवर “जाऊ दे, दुसऱ्या एक्स्चेंजमधून परत पाठवते” असं करू नका. पहिला निरोप रांगेत जपून ठेवलेला असतो, तो आज ना उद्या पोचतोच.