काका, चावी द्याल का?

तुमच्याही समाजाने दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार केला असेल ना? शाल, श्रीफळ, ट्रॉफी, वर स्टेटस. माझीही ट्रॉफी शोकेसमध्ये आहेच. पण बुलढाण्यातल्या त्याच समाजभवनात दुसऱ्या जातीच्या मित्राला अभ्यासाला बसू देतात का? विचारून बघा.

मुंबईत माझगावला एक शाळा आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपली मुलं शिकावीत म्हणून हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५मध्ये ती शाळा निघाली. पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. १९४८नंतर समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. शाळा मात्र चालू राहिली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत.

कोणी म्हणेल, स्वतःची मुलंच उरली नाहीत, मग दार उघडणारच! असेलही. पण कुलूपही लावता आलं असतं. आपली समाजभवनं तर लग्नसराई सोडली की रिकामीच असतात. पुढच्या सत्काराला स्टेजवर गेलात, की ट्रॉफी घेण्याआधी अध्यक्षांना एवढंच विचारा, ''काका, हॉलची चावी माझ्या मित्रालाही द्याल का?''