न्यायाधीशाचे आजारपण आणि न्यायासनाचे कर्तव्य

न्यायाधीश हाही हाडामांसाचा माणूस आहे. त्याचे हृदय दुबळे होते, त्याची दृष्टी मंदावते, क्वचित त्याचे मनही आजारी पडते. परंतु तो ज्या आसनावर बसतो ते आसन मात्र आजारी पडता कामा नये. या दोन साध्या विधानांतून एक कठीण प्रश्न उभा राहतो. न्यायाधीशाचे आजारपण वर्षानुवर्षे लांबले, तर त्यास अधिकारपदावरून दूर करावे काय? आणि करावयाचे तर ते कोणी, कोणत्या कसोटीवर व कोणत्या रीतीने? हा प्रश्न वकीलमंडळींचा आहे, आपला नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. तो समज चुकीचा आहे.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले आणि मराठवाड्याच्या माणसाची मुंबईची पायपीट वाचली. तथापि गरिबाचा न्याय खंडपीठात सुरू होत नाही. तो पैठण, वैजापूर, सिल्लोडसारख्या तालुक्याच्या न्यायालयात आणि जिल्हा न्यायालयात सुरू होतो. गायरानाचा कज्जा, वाटपाचा दावा, बुडालेली मजुरी, पोटगी, या सर्वांची पहिली पायरी तीच. अशा ठिकाणची खुर्ची महिनोन् महिने रिकामी राहिली की निकालाऐवजी पक्षकाराच्या हाती पुढची तारीख पडते. धनवंतास तारीख म्हणजे सवड. मजुरास तारीख म्हणजे बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे. दरम्यान साक्षीदार थकतात, काही फुटतात, काही मरतात. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला निकालात निघावा असे ठरले. परंतु ऐकावयास न्यायाधीशच नसेल तर ते दोन महिने कागदावरच राहणार.

मग आजारी न्यायाधीशास काढून टाका, असे म्हणून हा प्रश्न सुटेल काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. ज्या न्यायाधीशाचा निर्णय सत्ताधाऱ्यास अथवा गावच्या पुढाऱ्यास रुचत नाही, त्यास हटविण्यासाठी 'त्यांची प्रकृती बरी नसते' या कुजबुजीइतके सोपे हत्यार दुसरे नाही. आज आपली मुले-मुली न्यायसेवेत जात आहेत. हे हत्यार मोकळे ठेवले, तर ते आधी कोणावर चालेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

या ठिकाणी राज्यघटनेचा शब्द नीट वाचला पाहिजे. १९३५ च्या कायद्यात हायकोर्टाच्या न्यायाधीशास दूर करण्याची दोन कारणे होती : गैरवर्तन, आणि शरीराचे अथवा मनाचे दौर्बल्य. पूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या १९४८ च्या मसुद्यात मात्र शब्द आला तो सिद्ध झालेल्या गैरवर्तनाचा किंवा असमर्थतेचा, आणि तोच आज घटनेत आहे. दौर्बल्य आणि असमर्थता या एकच गोष्टी नव्हेत. दुबळ्या शरीराचा माणूस समर्थ न्यायाधीश असू शकतो. चाकाच्या खुर्चीत बसून दिलेला निकाल पायांवर उभे राहून दिलेल्या निकालाहून हलका नसतो. म्हणून आमच्या मते खरी विचारणा 'हा आजारी आहे काय' ही नसून 'याला काम करता येते काय' ही होय.

ही विचारणाही कोणी कशीही करावयाची नाही. सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी १९६८ चा न्यायाधीश चौकशी कायदा आहे. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सभासदांच्या सह्यांचा प्रस्ताव स्वीकारला गेला, तर तिघांची समिती नेमली जाते. न्यायाधीशाने असमर्थतेचा आरोप नाकारला तर समिती त्यास वैद्यकीय मंडळाकडून तपासवू शकते. तपासणीस तो नकार देईल, तर असमर्थता आहे असे समितीस गृहीत धरता येते. त्यानंतर दोन्ही सभागृहांत ठराविक बहुमत हवे. आजवर असमर्थतेच्या कारणावरून एकही न्यायाधीश या मार्गाने दूर झालेला नाही.

तालुका-जिल्ह्याच्या न्यायाधीशांची गोष्ट निराळी. घटनेच्या २३५ व्या कलमाने त्यांच्यावरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७४ साली याचा अर्थ खणखणीतपणे सांगितला. पंजाबात एका न्यायाधीशाची चौकशी सरकारच्या दक्षता खात्याकडे सोपविली गेली होती. ते कृत्य त्यांनी अयोग्य ठरविले. ज्याचे नियंत्रण त्यानेच चौकशी करावी, हा त्याचा मथितार्थ. म्हणून आजारी न्यायाधीशाचा निवाडा मंत्रालयात होता कामा नये.

दुसरे संरक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्यास काढू नये वा पदावनत करू नये, त्या पदास तो योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावे, तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, असे हा कायदा सांगतो. त्याच्या यादीत अंधत्व आहे, कंपवात आहे, मानसिक आजार आहे, आणि विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेलही आहे. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायसेवेची दारे बंद करता येणार नाहीत असा निर्णय दिला. ज्या समाजाला जन्माच्या कारणाने दारे बंद होती, त्याने या निर्णयाचे मोल ओळखले पाहिजे. मात्र हृदयविकार व कर्करोग या यादीत नाहीत. तशा रुग्णास रजा, आणि अखेरीस वैद्यकीय प्रमाणपत्रावर रुग्णता निवृत्तिवेतन, हाच मार्ग उरतो.

आजारी न्यायाधीशाने आपण होऊन समजून घ्यावे, एवढ्यावरच विसंबावे काय? तेही धोक्याचे आहे. १८७२ चा भारतीय पुराव्याचा कायदा ज्यांनी रचला ते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन पुढे इंग्लंडात न्यायाधीश झाले. १८८५ मध्ये त्यांना आघाताचा झटका आला. तरी ते काम करीत राहिले. १८८९ साली लिव्हरपूल येथे पतीस विष दिल्याच्या आरोपावरून फ्लॉरेन्स मेब्रिक या स्त्रीचा खटला त्यांच्यापुढे चालला व तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेवर आली आणि १९०४ साली ती सुटली. परंतु त्या खटल्यातील स्टीफन यांच्या भाषणावर आणि त्यांच्या बौद्धिक क्षमतेवर जाहीर टीका झाली. १८९१ साली वैद्यांच्या सल्ल्याने त्यांनी पद सोडले. एवढ्या मोठ्या बुद्धिमंतासही आपली वेळ आपणास ओळखता येईलच असे नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातील जिवाने त्याची किंमत का मोजावी?

उलट बाजूचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. ऑगस्ट १९५१ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की आपली प्रकृती चिंताजनक आहे, तरी हिंदू कोड बिल लवकर हाती घ्यावे. म्हणजे आजाराचे कारण त्यांनी काम टाळण्यासाठी नव्हे, काम उरकण्यासाठी पुढे केले. सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले तेव्हा वृत्तपत्रांतून प्रकृतीचे कारण पसरले. १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी ते ठामपणे फेटाळले, आणि आजारापायी कर्तव्य टाकणारा माणूस आपण नव्हे हे बजावले. कोणाच्या मतभेदावर 'प्रकृती' हा शब्द पांघरूण म्हणून कसा घातला जातो, हे यावरून दिसते.

आजाऱ्यास न टाकता काम कसे चालू ठेवावे, याचा एक नमुना विनयपिटकाच्या महावग्गात आहे. गग्ग नावाचा एक भिक्खू मनाने आजारी होता. उपोसथ कधी त्याच्या स्मरणात राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. भगवंतांनी त्याला संघाबाहेर काढले नाही, आणि त्याच्यासाठी उपोसथही थांबविला नाही. संघाने रीतसर ठराव करावा आणि गग्ग असो वा नसो, संघाने आपले कर्म पार पाडावे, अशी अनुज्ञा त्यांनी दिली. ठराव उघड संघात झाला, कोपऱ्यातील कुजबुजीने नव्हे. करुणा आणि शिस्त एकमेकींच्या आड येत नाहीत, हा यातील धडा आहे.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. न्यायाधीश दीर्घ रजेवर जाताच उच्च न्यायालयाने त्याचे काम विनाविलंब दुसऱ्याकडे सोपवावे. आजारी अधिकाऱ्यास उपचार, रजा व सोयीचे काम द्यावे. एवढ्याने भागले नाही तरच वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवून, त्याचे म्हणणे ऐकून, कारणे लिहून त्यास दूर करावे. आणि दूर केले तरी त्यास गुन्हेगाराप्रमाणे नव्हे, निवृत्तिवेतनासह सन्मानाने निरोप द्यावा.

आपणही हातावर हात ठेवून बसू नये. न्यायाधीश आजारी आहेत म्हणून दिवाणी दावा अडला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली तो दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो. न्यायाधीश बदलले म्हणजे झालेल्या साक्षी वाया गेल्या, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आदेश १८, नियम १५ प्रमाणे नव्या न्यायाधीशास पूर्वीच्या पुराव्यावरून पुढे जाता येते. मात्र अर्ज करताना आजारी माणसाची निंदा करू नका. आपल्याला खुर्चीवर न्यायाधीश हवा आहे, कोणाच्या दुखण्यावर विजय नको आहे.